कणावर काय बसलंय ते नंतर बघू

लेझर प्रिंटरकडे मी संशयानं बघायला लागले त्याला कारण हवेतले कण मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ लिडिया मोराव्स्का. बाई ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, मी इथे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. ओळख फक्त छापील. २००७ साली त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. एका मोठ्या ऑफिसातल्या हवेचे कण मोजताना त्यांच्या लक्षात आलं, की कामाच्या वेळात कणांची संख्या एरवीच्या जवळजवळ पाचपट होतेय आणि हे सगळे काही रस्त्यावरून आत आलेले नाहीत. मग त्यांनी तिथले प्रिंटर एकेक करून तपासले. ६२ पैकी १७ प्रिंटर भरभरून कण सोडणारे निघाले. कुणालाही आधी वाटेल की टोनरची काळी पूड उडत असणार. दोन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की भानगड वेगळीच आहे. तापलेल्या रोलरखाली कागदातून आणि टोनरमधून वाफा निघतात, त्या बाहेर येऊन निवतात आणि त्यांचे नवेकोरे कण तयार होतात. हे कण आधी कुठेच नव्हते. प्रिंटर ते तिथल्या तिथे घडवत होता.

अणुभौतिकी शिकलेल्या बाईनं ऑफिसातले प्रिंटर का तपासत बसावं, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचं उत्तर शोधत मी त्यांचं बाकीचं काम वाचत गेले. लांबून बघितलं तर ती यादी विस्कळीत वाटते: किरणोत्सार, डिझेलचा धूर, शाळांमधली हवा, तळणाचा धूर, खोकला, विषाणू. एखाद्या निवड समितीनं ‘स्पेशलायझेशन नक्की कशात?’ असं विचारलं असतं. (आमच्याकडे विचारतातच.) पण मला ही यादी आता मुळीच विस्कळीत वाटत नाही.

मोराव्स्काबाईंचा जन्म १९५२चा, दक्षिण पोलंडमधल्या टार्नुफचा. शिक्षण क्राकूफच्या यागिएलोनियन विद्यापीठात. क्राकूफ म्हणजे त्या काळी कोळशाच्या धुरानं माखलेलं शहर. शेजारी नोव्हा हूताचा अवाढव्य पोलाद कारखाना, आणि थंडीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या. (घरात कोळसा नि लाकूड जाळायला या शहरानं बंदी घातली ती थेट २०१९ साली.) अशा गावात राहून हवेतल्या कणांवर काम करावंसं वाटलं तर नवल नाही, पण त्या कणांकडे आल्या त्या आडवाटेनं. त्यांची पीएच.डी. १९८२ची, देशात लष्करी कायदा लागू असतानाची, आणि विषय रेडॉन.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथे आहे.

रेडॉन हा वायू. जमिनीतल्या युरेनियमपासून पायरीपायरीनं तयार होतो, भेगांमधून वर येतो, खाणींत आणि तळघरांत साठतो. रंग नाही, वास नाही, सहसा कुणाशी संयोग नाही. श्वासाबरोबर आत गेला तरी बहुतेक तसाच बाहेर पडतो, कारण त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ३.८ दिवसांचं आणि आपला श्वास काही सेकंदांचा. खरा उपद्रव असतो तो त्याच्या पोराबाळांचा. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियमचा अणू होतो. तो वायू राहत नाही. घन असतो, बहुधा विद्युतभारित असतो, आणि हवेत असा एकटा पडलेला अणू भेटेल त्या धूलिकणाला जाऊन चिकटतो. त्यानंतरची हकिगत त्या धूलिकणाची. कण जाडा असला तर नाकातच अडकणार. बारीक असला तर श्वासनलिकेच्या फांद्याफांद्यांतून खोल उतरणार, कुठेतरी ओल्या भिंतीला बसणार आणि तिथल्या पेशींवर अगदी जवळून अल्फा कणांचा मारा होणार. त्यामुळे रेडॉननं फुप्फुसाचं किती नुकसान होईल हे काढायचं असेल, तर नुसता किरणोत्सार मोजून भागत नाही. धूळ मोजावी लागते. तिचा आकार, तिची संख्या, ती कुठे बसते, हे सगळं.

त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांची दिशा इथेच ठरली असं माझं मत आहे. एसटीच्या डेपोत वेळापत्रक लावणारा माणूस गाडी कुठल्या रस्त्यानं किती वेळात जाईल एवढंच बघतो, आत वऱ्हाड बसलंय की परीक्षेला निघालेली पोरं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. हवेतल्या कणाचा अभ्यास हा असाच. कणावर पोलोनियम आहे, काजळी आहे की विषाणू, यानं त्याचा प्रवास फारसा बदलत नाही. प्रवास ठरवतो मुख्यतः आकार.

डॉक्टरेटनंतर काही वर्षं कॅनडात काढून १९९१ साली त्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत रुजू झाल्या आणि तिथे त्यांनी हवेतल्या कणांची प्रयोगशाळा उभी केली. प्रदूषणाचे आकडे आपण वजनात ऐकतो, घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम. पण १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण यांचं वजन सारखंच भरतं. वजन करणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. फुप्फुसाला मात्र तो भरपूर पडतो. गाड्यांच्या धुरातले बहुतेक कण याच अतिसूक्ष्म गटातले. तेव्हा कण तोलण्याबरोबर ते मोजायलाही हवेत, हे त्यांच्या गटाच्या कामात पुन्हा पुन्हा येतं. ब्रिस्बेनमधल्या २५ प्राथमिक शाळांत त्यांनी केलेला मोठा अभ्यासही रहदारीतून येणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरच होता.

आता हे कण मोजायचे कसे? ०.१ मायक्रॉन म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. साध्या सूक्ष्मदर्शकाला सापडत नाही, लेझरलाही नीट पकडता येत नाही. त्यावरची युक्ती मला भौतिकशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. हवा आधी ब्युटॅनॉल या अल्कोहोलच्या कोमट वाफेतून न्यायची, मग एकदम गार नळीत सोडायची. वाफ निवायला आधार शोधते आणि प्रत्येक कणाभोवती जमा होते. क्षणभरात त्या अदृश्य कणाचा काही मायक्रॉनचा टपोरा थेंब होतो. हे थेंब मग एकामागोमाग एक लेझरच्या झोतातून जातात, दर थेंबाला एक लुकलुक, दर लुकलुकीला एक आकडा. आकाशात ढग होतो तो याच तत्त्वावर, धुळीच्या कणाभोवती पाणी जमून. इथे प्रयोगशाळेतल्या टेबलावर पाण्याऐवजी अल्कोहोलचा ढग करायचा आणि त्याचे थेंब मोजायचे. ब्युटॅनॉलचा तो गोडसर उग्र वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला मोजणीची खोली दारातून ओळखता येते.

या मोजण्या त्यांनी घरांतही नेल्या. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात ब्रिस्बेनमधली १५ घरं होती. तळताना घरातला पीएम २.५चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा एरवीच्या ३० पटींपर्यंत, आणि ग्रिल करताना ९० पटींपर्यंत चढत होता. सिगरेटीनं तो तिपटीपर्यंत जात होता. आपल्याकडे हे वाचून कुणी ग्रिल सोडणार नाही, मुळात ते नसतंच. पण फोडणीचं काय? माझ्या ओट्याशेजारी एक स्वस्तातला सेन्सर ठेवलाय. त्याच्या आकड्यांवर पैज लावू नये इतपत मला कळतं. तरी मोहरी तडतडून मिरची पडली की तो हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो ते बघण्यासारखं असतं. ‘आई, पोहे रेड झोनमध्ये,’ असं मुलगी तिच्या खोलीतून ओरडते, कारण त्याचं ॲप तिच्या फोनवर आहे. खिडकी उघडून पंखा लावला की थोड्या वेळात तो शांत होतो. चुलीची गोष्ट याहून किती तरी गंभीर. पवईच्या आयआयटीतल्या चंद्रा वेंकटरमण यांनी २००५ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं होतं की भारतात हवेत जाणाऱ्या काजळीचा सगळ्यात मोठा वाटा घरोघरच्या लाकूड-शेणीच्या जाळाचा आहे. तेही कणांचं मोजमापच, आणि तिथेही नेतृत्व एका बाईचंच. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

२००३च्या सार्सच्या साथीनंतर मोराव्स्काबाई माणसाच्या श्वासाकडे वळल्या. खोकताना आणि शिंकताना थेंब उडतात हे सगळ्यांना माहीत होतं. नुसत्या बोलण्यातून, नुसत्या श्वासातून काय बाहेर पडतं? हे मोजायला त्यांच्या गटानं एक छोटा वातबोगदा केला. गाळून कणमुक्त केलेली हवा त्यातून वाहत ठेवायची आणि माणसानं आत डोकं घालून श्वास घ्यायचा, आकडे म्हणायचे, कुजबुजायचं, ‘आऽऽ’ लावायचा, खोकायचं. हवा आधीच स्वच्छ, त्यामुळे यंत्रात जो कण मोजला जाईल तो त्या माणसाचाच. २००९ साली आलेले निष्कर्ष असे, की बाहेर पडणाऱ्या कणांत बहुसंख्य ०.८ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि आवाज लावला की कण वाढतात.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधात हे कण जन्मतात कसे याचं उत्तर आहे, आणि ते मला फार आवडतं. फुप्फुसातल्या शेवटच्या बारीक नळ्या उच्छ्वासाच्या शेवटी आकसतात आणि काही क्षण बंद होतात. आतल्या ओलाव्याचा पडदा नळीच्या तोंडावर बसतो. पुढचा श्वास आत आला की नळी उघडते, पडदा ताणतो, फुटतो आणि त्याचे तुषार उडतात. श्वास आत चाललेला असतो, म्हणून तुषारही आधी आत जातात आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. खोकला नको, शिंक नको. हा परिच्छेद वाचतानाही तुमच्या छातीत ते चालू आहे.

तर २०२०च्या मार्चपर्यंत या बाईंच्या गाठीला एवढं सगळं होतं. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं ट्विट केलं की कोविड-१९ हवेतून पसरत नाही, आणि हे ‘तथ्य’ आहे. थेंब जड असतात, जवळच पडतात. हात धुवा, अंतर ठेवा.

मी तेव्हा बारावीला ऑनलाइन स्टोक्सचा नियम शिकवत होते. पडणाऱ्या गोळ्याचा अंतिम वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे त्या धड्यातलं सूत्र. दरवर्षी मी एरंडेलात छर्रे टाकून दाखवते. त्या वर्षी स्क्रीनवर दाखवायला काही नव्हतं म्हणून थेंबांचं गणित घातलं. दीड मीटरवरून १०० मायक्रॉनचा थेंब ५ सेकंदांत खाली येतो, तर ५ मायक्रॉनच्या थेंबाला किती वेळ?

आकार २० पट कमी, वेग ४०० पट कमी. एका मुलानं लगेच सांगितलं, ‘मॅडम, दोन हजार सेकंद. ३३ मिनिटं.’

‘बरोबर. हवा अगदी स्थिर धरली तर.’

‘आणि पंखा चालू असला तर?’

‘तर खाली येईलच असं नाही.’

थोडा वेळ शांतता. मग दुसऱ्या एका मुलीनं माइक चालू केला. ‘मॅडम, मग आमचे पप्पा दुधाच्या पिशव्या साबणानं कशाला धुतायत?’

पप्पांनाच विचार म्हटलं. त्या दिवसांत महापालिकांचे टँकर रस्त्यांवर हायपोक्लोराइट फवारत होते. पप्पांना एकट्याला काय बोलायचं?

बारावीच्या पोरांना जे गणित येतं ते जगभरच्या तज्ज्ञांना का येऊ नये? त्यांना ते येत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांनी ते करून बघितलं नाही, कारण ५ मायक्रॉनच्या वरचा थेंब जड आणि तो लगेच पडतो, हे वाक्य वैद्यकाच्या पुस्तकांत इतकं पक्कं बसलं होतं की ते पडताळायची कुणाला गरज वाटली नाही. हा आकडा आला कुठून, याचा माग पुढे हवेतल्या कणांच्याच अभ्यासक असलेल्या व्हर्जिनियातल्या लिन्झी मार आणि इतिहास धुंडाळणाऱ्या केटी रँडल यांनी काढला. १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये विल्यम वेल्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड वेल्स यांनी हवेतून पसरणाऱ्या रोगांवर काम केलं होतं, आणि त्यांच्या मोजणीत झटकन पडणारे आणि तरंगत राहणारे थेंब यांच्यातली सीमा १०० मायक्रॉनच्या आसपास होती. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायचे तर कण ५ मायक्रॉनहून लहान लागतो, हा वेगळाच मुद्दा. पुढच्या दशकांत कुठेतरी दोन्हींची सरमिसळ झाली. खोल जाण्याची सीमा होती ती तरंगण्याची सीमा समजली गेली, आणि तशीच उतरवली गेली.

डॉक्टरांच्या बाजूनंही एक गोष्ट बोलायला हवी. रोग ‘दूषित हवे’तून होतात ही शतकानुशतकांची समजूत मोडून काढायला वैद्यकाला खूप झगडावं लागलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठे संसर्ग म्हणजे स्पर्श आणि जवळचे थेंब हे रुजलं. त्यानंतर हवेचं नाव काढणारा माणूस त्यांना मागे ओढणारा वाटला तर ते समजू शकतं. शिवाय हवेतून पसरतो म्हटलं की प्रत्येक नर्सला एन-९५ हवा आणि प्रत्येक वॉर्डाला वायुवीजन. तेवढे मास्क जगात नव्हते. हे कारण कुणी उघड बोललं नाही, पण निर्णयाच्या खोलीत ते बसलेलं असणार असं मी आपली समजते.

मोराव्स्काबाईंनी ३६ जणांचा गट जमवला. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची आणि आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची ऑनलाइन बैठक झाली. हातात काही पडलं नाही. इथली विसंगती मला आजही चमत्कारिक वाटते. हवेच्या प्रदूषणाबाबत याच संघटनेला त्या दोन दशकांहून अधिक काळ सल्ला देत होत्या. गाडीच्या धुराचा कण तासन्‌तास तरंगतो, दूर जातो, श्वासातून आत शिरतो, हे तिथे सर्वमान्य होतं. तोच कण नळकांड्याऐवजी तोंडातून निघाला की त्याचं भौतिकशास्त्र बदलत होतं!

दरम्यान अमेरिकेत स्कॅजिट व्हॅलीमधल्या गायकवृंदाची घटना समोर आली होती. १० मार्चला सुमारे अडीच तासांचा सराव, ६१ जण हजर. हात धुतलेले, गळाभेटी टाळलेल्या. ५३ जण आजारी पडले, दोघं गेले. त्या हॉलच्या हवेचं गणित मांडणाऱ्या निबंधात मोराव्स्काबाई सहलेखक आहेत. आवाज लावला की कण वाढतात, हे त्यांच्या वातबोगद्यात ११ वर्षांपूर्वी मोजून झालं होतं.

जुलैमध्ये मेरीलंड विद्यापीठातले डोनाल्ड मिल्टन यांच्याबरोबर त्यांनी खुलं निवेदन छापलं आणि ३२ देशांतल्या २३९ शास्त्रज्ञांनी त्याला पाठिंबा दिला. त्यानंतर संघटनेची भाषा हळूहळू सैल होत गेली. ३० एप्रिल २०२१ला माहितीचं पान बदललं, वर्षाअखेर ‘हवेतून’ हा शब्द आला. तोपर्यंत आपल्याकडची दुसरी लाट येऊन गेली होती. यावर मी जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना तारखा सांगून काय होणार. २०२१ साली ‘टाइम’नं जगातल्या १०० प्रभावी व्यक्तींत बाईंना घेतलं.

सत्तरी ओलांडल्यावर आता त्या इमारतींच्या मागे लागल्या आहेत. २०२४च्या मार्चमध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी अनेक देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर मागणी केली की सार्वजनिक इमारतींतल्या हवेला कायद्यानं मानक असावं: कार्बन डायऑक्साइड ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भागांच्या) आत, पीएम २.५ तासाच्या सरासरीनं १५ मायक्रोग्रॅमच्या आत, आणि माणशी सेकंदाला १४ लिटर स्वच्छ हवा. बाहेरच्या हवेला मंडळ आहे, मानक आहे, दंड आहे. आतल्या हवेला, जिथे आपण दिवसाचा बहुतेक वेळ असतो, बहुतेक देशांत कुणी वालीच नाही.

१४ लिटर ऐकायला सोपं वाटतं. आमचा वर्ग ऐंशी पोरांचा आणि खिडक्या हमरस्त्यावर. त्या लावून घेतल्या की हजेरी संपेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा मीटर ८०० ओलांडतो. उघडल्या की बसथांब्याचा धूर आत येतो आणि दुसरा आकडा चढतो. दोन्ही एकदम साधायचे तर गाळणी लावलेले पंखे हवेत. गाळण्या बदलायला हव्यात, आणि विजेचं बिल वाढणार. हा मुद्दा आमच्या स्टाफ मीटिंगच्या विषयपत्रिकेवर दोनदा आला आणि ‘वेळेअभावी पुढील सभेत’ गेला. विषयपत्रिका अर्थातच लेझर प्रिंटरवर काढलेली होती.